वजनाच्या ऑपरेशननंतर: सांगली-साताऱ्याकडच्या घरात पहिलं वर्ष आणि त्याच्या पुढं

वजनाचं ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला आपल्याकडं सगळे दोनच गोष्टी विचारतात: किती किलो उतरलं आणि आता काय काय खाता येतं. रक्त शेवटचं कधी तपासलं, गोळ्या चालू आहेत ना, हे कुणी विचारत नाही. वर्ष-दोन वर्षांनी जे लोक अडचणीत येतात ते मात्र इथंच अडतात. वजन उतरलेलं असतं, जिना चढताना दम लागत नाही, म्हणून आधी गोळ्या सुटतात, मग तपासण्या सुटतात.

माझं बायपास (हृदयाचं नव्हे, वजनासाठी जठरावर करतात ते) पुण्यात झालं आणि त्यानंतरचं सगळं सांगलीतच चाललंय. नात्यातल्या, ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या ऑपरेशननंतर त्यांच्या घरी जाऊन स्वयंपाकापासून फाईल लावण्यापर्यंत मदत केली आहे. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहिते. तुमच्या सर्जननं आणि डायटिशियननं दिलेला कागद मात्र या लेखापेक्षा मोठा. कुठं फरक दिसला तर त्यांचं ऐका.

१. आपलं नेमकं कुठलं ऑपरेशन झालं ते पाठ करा

"पोट लहान केलंय" एवढंच सांगणारे पुष्कळ भेटतात. तेवढ्यानं भागत नाही, कारण पुढची पथ्यं त्यावर ठरतात.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक बरंचसं त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. स्लीव्हनंतर जळजळ, आंबट ढेकर यांचा त्रास जास्त दिसतो.

बायपासमध्ये जठराचा साधारण ३० मिलीचा छोटा कप्पा वेगळा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जातच नाही आणि लोह, कॅल्शियम मुख्यतः तिथंच शोषलं जातं. म्हणून बायपास आणि मिनी बायपास (त्याचाच एक प्रकार) झालेल्यांना गोळ्यांची गरज जास्त. बी-१२ची कमतरता मात्र स्लीव्हमध्येही येते.

२. फाईल, पाकिटातलं कार्ड आणि स्वयंपाकघरातलं सामान

एक जाड फाईल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा:

- डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट. नोट वेगळी मागून घ्यावी लागते. आतडं किती लांबीवर जोडलं हे त्यातच असतं.
- ऑपरेशनआधीचे रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, एंडोस्कोपी.
- ऑपरेशनआधीचं वजन, उंची, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) आणि मधुमेह, बीपी, घोरणं-श्वास अडकणं यांच्या नोंदी.
- मेडिकलची पक्की बिलं, प्रिस्क्रिप्शनसह.
- विम्याची पॉलिसी, मंजुरीचं पत्र, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स.

विम्याबद्दल एवढंच: २०१९ मध्ये विमा नियामकानं ठरवलेल्या शब्दांप्रमाणे बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून सोबत गंभीर आजार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं केलेलं हे ऑपरेशन विम्यात बसू शकतं. डिस्चार्जनंतरची औषधं आणि तपासण्यासुद्धा पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीपर्यंत मिळतात. कॅशलेस झालं म्हणून लोक नंतरची बिलं टाकून देतात, ते करू नका.

पाकिटात एक कार्ड कायम असू द्या. त्यावर मराठीत लिहा, मागच्या बाजूला डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. मजकूर असा: ऑपरेशनचं नाव आणि तारीख, सर्जनचा फोन, "डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं देऊ नयेत", "नाकातून पोटात नळी न बघता घालू नये", "उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यावं". रात्री-अपरात्री हायवेवरच्या एखाद्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर हे कार्ड तुमच्या वतीनं बोलेल.

सामान फार लागत नाही. औषधाच्या बाटलीसोबत येणारा मापाचा छोटा कप, चहाचा चमचा, एक लहान वाटी, मिक्सर, बारीक गाळणी, खुणा केलेली पाण्याची बाटली, आठवड्याच्या गोळ्यांची डबी आणि साधा वजनकाटा. जेवणाचं ताट बदला. मोठ्या ताटात दोन चमचे आमटी बघून घरच्यांचा जीव कळवळतो आणि ते आणखी वाढतात.

३. पहिले दोन आठवडे: फक्त पातळ

बहुतेक ठिकाणी पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखं नितळ, मग साधारण दोन आठवडे पातळ पदार्थ असतात. या काळात तहानेवर अवलंबून राहू नका. दर पंधरा मिनिटांनी ३० मिली, म्हणजे तासाला १२० मिली, घोट घोट. जागेपणी हा नेम पाळला तर दिवसाचं दीड लिटर बिनत्रास जातं. गटागटा प्यायचं नाही, स्ट्रॉ वापरायची नाही, सोडा आणि कोल्ड्रिंक तर नाहीच. एप्रिल-मेमध्ये सांगलीचं ऊन चाळिशीला टेकतं. त्या दिवसांत ऑपरेशन झालं असेल तर पाण्याचा हिशेब कागदावर ठेवा. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय.

डायटिशियनच्या कागदावर क्लिअर सूप, व्हे प्रोटीन, स्किम्ड मिल्क असं लिहिलेलं असतं आणि घरातल्या बायका गोंधळतात. आपल्याकडं या टप्प्याला चालणारं पुष्कळ आहे. मुगाचं कढण, डाळीचं गाळलेलं पाणी, पातळ गाळलेलं ताक, नाचणीची पातळ आंबील, मसाला न घातलेलं चिकनचं पाणी. आणि माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे हुलग्याचं माडगं. ते असं करायचं: हुलगे मंद आचेवर खमंग भाजून बारीक दळून आणायचे. चहाचे दोन चमचे पीठ थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचं, पेलाभर उकळत्या पाण्यात सोडायचं आणि हलवत राहायचं. कच्चा वास गेला, वर चकाकी आली की मीठ, चिमूटभर जिरेपूड आणि ठेचलेली लसणाची एक पाकळी. लसूण फक्त उकळू द्यायची, नंतर सगळं बारीक गाळणीतून गाळायचं. गूळ घालायची आपली पद्धत आहे, ती इथं सोडा. तिखटाची फोडणीही नको. कोमट झाल्यावर मापाच्या कपानं प्यायचं. आधी डायटिशियनला विचारून घ्या, काही जण डाळी-कडधान्यं आठवडाभरानं सुरू करतात.

प्रोटीन पावडर पहिले काही महिने लागतेच. डायटिशियननं सांगितलेलीच घ्या. जिमवाल्याकडची किंवा "वजन वाढवणारी" पावडर बऱ्याचदा साखरेनं भरलेली असते. दूध पचत नसेल, पोट फुगत असेल तर तसं सांगा, दुसरी मिळते.

याच काळात काही गोष्टी दिसल्या तर वाट बघायची नाही, सरळ सर्जनला फोन करून निघायचं: ताप, शांत पडलेलं असताना नाडी १२०च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात दुखणं, एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, काळी शौचाला होणं, घोटभर पाणीही न टिकणं. टाके आतून सुटले किंवा पायात रक्ताची गाठ झाली तर सुरुवात अशीच होते. "गॅस असेल, ओवा खा" असं घरात कुणीतरी म्हणतंच. तुम्ही नाडी मोजा.

पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चाला. खोलीतून ओसरीपर्यंत, पुन्हा खोलीत. रक्ताची गाठ टाळायला याहून सोपं काही नाही.

४. उलट्या आणि सलाईन: याबद्दल सविस्तर वाचा

आपल्या भागात अशक्तपणा आला की "एक सलाईन लावून टाका" हे ठरलेलं आहे. पेशंट मागतो, डॉक्टर लावतो. वजनाच्या ऑपरेशननंतर हेच घातक ठरू शकतं.

थायमिन, म्हणजे बी-१, याचा साठा शरीरात थोड्याच आठवड्यांपुरता असतो. खाणं कमी आणि वर सतत उलट्या असं झालं की तो संपतो. त्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर ते ग्लुकोज वापरायला उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं आणि मेंदूला इजा होते. डोळ्यांना एकाचं दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात भ्रम, पायांना मुंग्या ही लक्षणं. वेळेत थायमिनची इंजेक्शनं मिळाली तर माणूस सुधारतो, उशीर झाला तर काही गोष्टी परत येत नाहीत.

तासगावकडच्या माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या बाबतीत असंच झालं. उलट्या थांबेनात, जवळच्या दवाखान्यात ग्लुकोज लावत राहिले, ऑपरेशन झाल्याचं सांगितलं होतं तरी कुणी त्याचा संबंध जोडला नाही. पुढं मोठ्या दवाखान्यात हलवल्यावर बी-१ सुरू झालं. त्या आज हिंडतात-फिरतात, पण पायातली बधिरता राहिलीच.

म्हणून नियम करा. दोन दिवसांपेक्षा जास्त उलट्या चालल्या तर आपल्या सर्जनला फोन. सलाईन लावायची वेळ आली तर आधी पाकिटातलं कार्ड पुढं करा आणि "आधी थायमिन द्या" असं स्पष्ट म्हणा. डॉक्टरांना राग येईल याची भीती बाळगू नका.

५. मऊ अन्नापासून भाकरीपर्यंत

दोन आठवड्यांनंतर कुस्करलेलं, मिक्सरमधून काढलेलं: मुगाची घट्ट आमटी, दही, कुस्करलेलं अंडं, उकडलेल्या भाज्या. साधारण महिन्यानं मऊ अन्न: पातळ पिठलं, मऊ पनीर, उकडलेला मासा, चिकनचा खिमा. सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू घरचं नेहमीचं. एका दिवसात एकच नवा पदार्थ घ्या, म्हणजे कशानं त्रास झाला ते कळतं.

ज्वारीची भाकरी कोरडी खाल्ली तर छातीत अडकते. पहिले महिने ती आमटीत चुरून, भिजवून, तेही दोन-तीन घासच. मऊ भात आणि पाव चावून चिकट गोळा होतात, त्यांना उशिरानं हात लावा. मटण सगळ्यात शेवटी, आणि तेही रेषा सुटतील इतकं शिजलेलं.

खाण्याची रीत मात्र पहिल्या घासापासून बदलायची. घास चहाच्या चमच्याएवढा. तोंडात पाणी होईपर्यंत चावायचा. चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. वीस ते तीस मिनिटांत जेवण संपवायचं. जेवताना पाणी नाही. जेवणाआधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास सोडून प्यायचं. पोट भरल्याची खूण आता वेगळी असते: उचकी लागते, नाक वाहायला लागतं, छातीच्या मधोमध दाब येतो. त्या खुणेला थांबायचं. पुढचा एक घास गेला की तोंडात फेसासारखी लाळ येते आणि मग तो बाहेर पडल्याशिवाय चैन पडत नाही.

६. प्रोटीन: ताटातलं पहिलं मानकरी

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हे बहुतेकांचं लक्ष्य असतं. ते कमी पडलं की चरबीसोबत मांसही झडतं, केस जास्त गळतात, जखमा भरत नाहीत, उठता-बसता थकवा येतो.

आपल्या घरातलं माप साधारण असं: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनमध्ये २५च्या वर, वाटीभर घट्ट आमटीत ६ ते ७. आता तुमच्या पोटात वाटीभरही मावत नाही, हे धरून हिशेब करा. म्हणून आधी अंडं, पनीर, डाळ, चिकन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. आपण आयुष्यभर भाकरी आधी आणि कोरड्यास तोंडी लावायला असं जेवलो, ते उलटं करायचं आहे. शाकाहारी घरात हे जास्त अवघड जातं. अख्खा मसूर, मोड आलेली मटकी, घरी लावलेलं आणि फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, सोयाबीनचे चंक्स हे रोज फिरवत राहा आणि पावडर लवकर सोडू नका.

उपवासाचं काय? एकादशी, नवरात्र, श्रावण, सगळं आपल्याकडं कडक. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतं, आणि खिचडी पोटात चिकट गोळा होऊन बसते. पहिलं वर्ष तरी निर्जळी उपवास आणि साबुदाणा दोन्ही टाळा. उपवास करायचाच असेल तर दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाण्याची आमटी यावर करा आणि गोळ्या चुकवू नका. देव गोळीसाठी रागवत नाही, असं मी माझ्या सासूबाईंना सांगितलं आणि त्यांनी ते मानलं.

७. गोळ्यांचं वेळापत्रक

गोळ्या आयुष्यभर. यात सूट नाही. डोस तुमच्या रिपोर्टवर ठरतो, पण सर्वसाधारण चौकट अशी असते: मल्टिव्हिटॅमिन, लोह (पाळी चालू असणाऱ्या बायकांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम), कॅल्शियम आहार धरून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व, आणि बी-१२ची रोजची गोळी किंवा महिन्याला इंजेक्शन.

खरी अडचण वेळा जमवण्याची. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, मध्ये किमान दोन तास हवेत. कॅल्शियमही एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शोषलं जात नाही, म्हणून विभागून. आणि लोहाचा मोठा शत्रू म्हणजे चहा. माझी पद्धत अशी: सकाळी उठल्यावर लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या कोमट पाण्यासोबत, चहा त्यानंतर तासाभरानं. दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम, संध्याकाळी पुन्हा कॅल्शियम, रात्री जेवल्यावर मल्टिव्हिटॅमिन. फोनवर गजर लावा.

सापळे दोन-तीन आहेत. मेडिकलवाला "तेच आहे, स्वस्त आहे" म्हणून कॅल्शियम कार्बोनेट देतो. आपल्याला सायट्रेट लागतं, कारण ते शोषायला जठरातलं अॅसिड लागत नाही. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची ६०,०००ची कॅप्सूल वर्षानुवर्षं तपासणीविना चालू ठेवू नका, तिचाही अतिरेक होतो. "एसआर", "एक्सआर" लिहिलेल्या, पोटात सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या बायपासनंतर नीट लागू पडतीलच असं नाही. डॉक्टरांना विचारून साध्या करून घ्या.

८. वेदनाशामक, मिश्री, तंबाखू, दारू

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून मिळणाऱ्या लाल-पिवळ्या गोळीत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा तसलंच काही असतं. जिथं जठर आतड्याला जोडलंय तिथं या गोळ्यांनी व्रण पडतो, रक्तस्राव होतो, कधी भोकही पडतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही मापात. दातांच्या डॉक्टरकडं गेलात तरी हे सांगायचं. हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांना एकमेकांशी बोलायला लावा.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. खेड्यातल्या कितीतरी बायका तंबाखूला हो म्हणत नाहीत, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासणं. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का" विचारल्यावर उत्तर "नाही" येतं आणि व्रणाचं कारण सापडत नाही. ऑपरेशन झालेल्या आपल्या आईला, वैनीला, मावशीला मिश्रीचं नाव घेऊन विचारा. विडी-सिगारेट, गुटखा यांनाही तोच नियम.

दारू ऑपरेशननंतर फार लवकर आणि जास्त चढते, उतरायला वेळ लागतो. जेवणाचा आनंद आटल्यावर काही जण नकळत तिच्याकडं वळतात, त्याचं व्यसनात रूपांतर होतं. पहिलं वर्ष अजिबात नको, आणि गाडी चालवायची असेल तर कधीच नको.

९. मधुमेह आणि बीपीची औषधं

साखर आणि बीपी कधीकधी वजन उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येतात, विशेषतः बायपासमध्ये. जुना इन्सुलिनचा डोस तसाच चालू ठेवला तर साखर धोकादायक खाली जाते. घरी ग्लुकोमीटर असू द्या, पहिल्या महिन्यात रोज तपासा, आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवून डोस बदलून घ्या. उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली तर बीपी मोजा. आणि साखर नॉर्मल आली म्हणून मधुमेह कायमचा गेला असं समजू नका. वर्षातून एकदा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आणि डोळे तपासायचेच.

१०. गूळ, काकवी, उसाचा रस

ऊस आणि गुळाच्या मुलखात राहून हे लिहावं लागतंय. बायपासनंतर गोड पोटातून थेट आतड्यात उतरतं. दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, आडवं पडावंसं वाटणं, याला डंपिंग म्हणतात. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो: साखर आधी झपाट्यानं वाढते, मग तितकीच खाली कोसळते आणि हात थरथरतात, भोवळ येते. पेलाभर उसाचा रस, काकवी, बासुंदी, साताऱ्याचे कंदी पेढे, सगळ्यांत हेच. बेदाणेही मूठभर नकोत. स्लीव्हवाल्यांना हा त्रास कमी होतो, म्हणून त्यांचं गोड नकळत वाढतं आणि वजन परत येतं.

११. केस, कातडी, पित्ताशय

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात. कंगव्यात पुंजका येतो, न्हाणीघरात जाळी तुंबते. झपाट्यानं वजन उतरल्यामुळं हे होतं, साधारण सहा महिन्यांत थांबतं आणि केस परत येतात. तेलं बदलत बसू नका, प्रोटीन आणि लोह बघा. वर्षानंतरही गळती चालूच राहिली तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासा.

वजन वेगानं उतरताना पित्ताशयात खडे होतात. उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत जात असेल तर सोनोग्राफी करा. बरेच सर्जन पहिले सहा महिने यासाठी गोळी देतात, ती मधेच सोडू नका. थंडी जास्त वाजणं आणि बद्धकोष्ठता हे नेहमीचं. लोंबणाऱ्या कातडीचा निर्णय वजन स्थिर झाल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी घ्या. तोवर घड्या कोरड्या ठेवा, पावसाळ्यात तिथं नायटा लवकर धरतो.

१२. पंगत, जत्रा आणि आग्रह

आपल्याकडं आग्रह हे प्रेम आहे. "वैनी, एक पुरणपोळी तरी, आमच्या घरी पहिल्यांदा आलायसा" असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्यांना ऑपरेशनची कथा सांगत बसण्यापेक्षा "डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय, वाटीत द्या" हे पुरतं. गावच्या जत्रेत मी घरून थोडं प्रोटीन खाऊन निघते, वाटीत दोन मऊ फोडी आणि थोडा रस्सा घेते, सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत बसते. ताटावर बसलात आणि बोलत राहिलात की कुणी वाटीत बघत नाही. वाढपी मात्र मागून येऊन वाढून जातो, तेवढा हात आडवा धरा.

घरातल्यांना एकदा नीट समोर बसवून सांगा. नवऱ्याला, सासूबाईंना, मुलांना. "काहीच खात नाही, हाडं दिसायला लागली, तोंड उतरलं" हे सारखं ऐकून भलेभले खचतात. मन उदास राहत असेल, आरशातलं माणूस ओळखीचं वाटत नसेल, रडू येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जा. याची गरज अनेकांना पडते.

१३. बायकांसाठी

वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं दिवस न गेलेल्या बाईलाही लवकर दिवस जाऊ शकतात. पहिले १२ ते १८ महिने मात्र मूल होऊ देऊ नका, कारण या काळात आईचीच उपासमार चालू असते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, तांबीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. पुढं दिवस गेल्यावर पहिल्याच भेटीत ऑपरेशनचं सांगा. गरोदरपणात ग्लुकोज पाजून जी साखरेची चाचणी करतात तिनं बायपासवाल्या बाईला डंपिंग होऊ शकतं. त्याऐवजी काही दिवस घरी ग्लुकोमीटरवर साखर मोजतात.

१४. चालणं, आणि वजन थांबल्यावर

पहिला महिना फक्त चालणं, जड उचलणं नाही. पाण्याची घागर, गॅसची टाकी, गोणी, लेकरू, काही नाही. पुढं सांगलीत आमराई किंवा हरिपूर रोड, साताऱ्यात चार भिंतीची चढण, जे जमेल ते रोज. तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून ताकदीचा व्यायाम सुरू करा, खुर्चीवरून उठ-बस केली तरी चालेल. मांस टिकवायला तो लागतो.

वजन मधेच दोन-तीन आठवडे हलत नाही. घाबरून जेवण आणखी कमी करू नका. आठवड्यातून एकदाच काट्यावर उभे राहा. दुसऱ्या वर्षानंतर थोडं वजन परत येणं बऱ्याच जणांत दिसतं. भराभर वाढायला लागलं तर मात्र आधी दिवसभर तोंडात काय जातंय ते लिहून काढा. भडंग, फरसाण, शेव, बिस्किटं हे जठर लहान असलं तरी सहज उतरतं, आणि जेवणात धरलं जात नाही. ही वही घेऊन डायटिशियनकडं जा.

१५. तपासण्या: कधी, कुठल्या, कुठं

दोन आठवडे, एक महिना, तीन, सहा, बारा महिने आणि त्यानंतर दर वर्षी. सर्जनकडं जाणं पुणे-मुंबईला असेल तर प्रत्येक वेळी जायची गरज नसते. रक्त इथं तपासून रिपोर्ट पाठवा आणि फोनवर बोला. वर्षातून एकदा समोर जा. मिरज तिथं मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव आहे, साताऱ्याकडच्यांना कराड जवळ आहे. तपासणीची सोय नाही अशी परिस्थिती आपल्याकडं नाही.

लॅबला देण्याची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारण त्यात हे असतं: सीबीसी, फेरिटिनसह लोह, बी-१२, फॉलिक अॅसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियमवर ताबा ठेवणारं संप्रेरक), अल्ब्युमिनसह यकृताच्या चाचण्या, क्रिएटिनिन, एचबीए१सी, लिपिड, थायरॉईड. "फुल बॉडी चेकअप" पॅकेजमध्ये फेरिटिन आणि पीटीएच बऱ्याचदा नसतात, ते बघून घ्या. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं नाही, फेरिटिन आधी घसरतं. बी-१२चा साठा यकृतात वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून पहिल्या वर्षीचा चांगला रिपोर्ट तिसऱ्या-चौथ्या वर्षाची हमी देत नाही.

वार्षिक तपासणीसाठी एक ठरलेला महिना धरा. दिवाळीनंतरचा सोयीचा पडतो. जाताना मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट एकाखाली एक लावून न्या. डॉक्टरांना एका नजरेत उतार दिसतो, आणि बहुतेक वेळा गोळीचा डोस तेवढ्यावरच बदलतो.